सहा वर्षांपूर्वीची लाईट आणि न भरणारी जखम

पत्र असं आहे:

"सिस्टर, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षाची बाग आहे. माझ्या सासूबाई एकसष्ट वर्षांच्या. 2019 मध्ये डाव्या बाजूच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, मग नाशिकला पंचवीस दिवस लाईट (रेडिएशन) घेतली. त्यानंतर सगळं छान होतं. ऑक्टोबरच्या छाटणीत बागेत वाकताना छाटलेल्या काडीचं टोक डाव्या गळ्याच्या हाडाखाली लागलं. साधा ओरखडा होता. आता काढणी सुरू झाली तरी भरला नाही. आधी हळद लावली, मग मेडिकलमधून पावडर आणली, मग मलम. खपली धरते, निघते, खाली परत ओलंच. हरभऱ्याएवढी होती ती रुपयाएवढी झाली. लस येते, वास नाही. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. शुगर आहे, गोळी चालू आहे. मशेरी लावतात. त्या म्हणतात लाईटीची उष्णता अजून अंगात आहे, म्हणून सब्जा पितात. माझ्या मिस्टरांना सांगू देत नाहीत, काढणीच्या दिवसांत त्याला ताप नको म्हणतात. कुणी म्हणतं ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवा, कुणी म्हणतं मांडीची कातडी काढून लावतात. मी काय करू?"

ताई, बाकी सगळं नंतर. आधी जखमेचा तुकडा काढून तपासून घ्या, म्हणजे बायोप्सी, आणि ती याच आठवड्यात.

लाईट दिलेल्या जागेवरची जखम चार महिने भरत नाही आणि उलट वाढते, तेव्हा तीन शक्यता असतात. जुना आजार परत आला असेल, लाईटीनं दुबळ्या झालेल्या कातडीत नवीन काहीतरी सुरू झालं असेल, किंवा दोन्ही नसून ती नुसती लाईटीच्या कातडीची हट्टी जखम असेल. या तिन्ही वरून अगदी सारख्या दिसतात. तीस वर्षं ड्रेसिंग करूनही मला नजरेनं फरक सांगता येत नाही, आणि कुणी "बघूनच सांगतो" म्हणालं तर त्यांच्याकडून ड्रेसिंगसुद्धा करून घेऊ नका. ज्यांनी ऑपरेशन केलं किंवा लाईट दिली त्यांच्याकडेच जा. जखमेच्या कडेचा बारीक तुकडा काढतात, कारण मधल्या भागात बहुतेक मेलेला पापुद्राच हाती लागतो. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका. मात्र या कातडीत तुकड्याची जागाही सावकाश भरते, त्यामुळे तो कुणीही कुठेही काढू नये. जो डॉक्टर पहिल्यांदा बघत असेल त्याला पहिल्या वाक्यातच सांगायचं की इथे लाईट घेतलेली आहे. गावातल्या डॉक्टरांना हे सांगितलं होतं का? पत्रात तसं दिसत नाही. न सांगता दाखवली तर जखम एरवीच्या ओरखड्यासारखीच दिसते आणि एरवीचंच औषध मिळतं.

आता उष्णतेचं. सब्जा पिऊ द्या, अपाय काही नाही, पण अंगात उष्णता राहिलेली नाही. बाहेरून मशीननं दिलेली लाईट मशीन बंद होताच संपते, मागे काही उरत नाही. नातवंडांनी आजीच्या मांडीवर बसायलाही हरकत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण कितीतरी घरांत अशा बायका सहा-सहा वर्षं लेकरांना जवळ घेत नाहीत आणि कारण कुणाला सांगतही नाहीत.

मागे राहतो तो तुटवडा. तुम्ही बागायतदार आहात, ठिबकच्या बारीक नळ्या क्षारांनी चोंदल्या की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. वरून वेल हिरवा दिसतो, पण ताण पडला की तीच ओळ आधी मान टाकते. लाईटीनं कातडीतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या आतून जाड होऊन बुजत जातात, आणि हे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालू राहतं. जखम विणून काढणाऱ्या पेशी कमी होतात, उरलेल्या सुस्तावतात. घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी जातात. सासूबाईंची तिथली कातडी ताणल्यासारखी, चकचकीत आणि कोरडी असेल, मध्ये लाल कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसत असतील. नीट बघा. धक्का लागेपर्यंत अशी कातडी तग धरते, पण काडीचं टोक लागलं की दुरुस्तीला माल कुठून आणायचा हा प्रश्न येतो. रॉबर्ट मार्क्स नावाच्या अमेरिकन सर्जननं लाईट दिलेल्या जबड्याच्या हाडाबद्दल 1983 साली हेच मांडलं होतं: रक्तवाहिन्या कमी, पेशी कमी, ऑक्सिजन कमी. जंतू हे मूळ कारण नाही, ते नंतर येऊन बसतात.

आणि हे दुखणं मुळातच चिवट. फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री बेकरेल यांनी 1901 मध्ये रेडियमची, म्हणजे लाईटीसारखी किरणं सोडणाऱ्या धातूची, नळी जाकिटाच्या खिशात ठेवली होती, कातडी भाजली ती काही दिवसांनी दिसली. त्यांचे सहकारी पिएर क्यूरींनी तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम दहा तास बांधून बघितलं. बावन्नाव्या दिवशीही जखम पूर्ण भरलेली नव्हती, असं दोघांनी मिळून लिहून ठेवलंय. धडधाकट माणसाची ती गत, तर शुगर असलेल्या एकसष्ट वर्षांच्या बाईचे चार महिने म्हणजे तुमच्या शुश्रूषेत खोट आहे असं अजिबात नाही.

पण पावडर बंद करा. आज, आत्ता.

जखम कोरडी ठेवली की बरी होते असं मीसुद्धा मानत होते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत लाईटीच्या वॉर्डात आम्ही जांभळं औषध लावायचो, जेन्शन व्हायलेट. दिसायला बरं वाटायचं, वर छान काळपट पापुद्रा धरायचा. मी स्वतः पेरॉक्साइडही ओतलेलं आहे, फेस आला की मला वाटायचं घाण निघतेय. एका आजींची छातीवरची जखम मी अशी रोज "साफ" करत होते आणि ती रोज थोडी थोडी रुंद होत होती. एका सर्जननं सगळ्यांसमोर माझ्या हातातून बाटली काढून घेतली, तेव्हा फार राग आला होता. नंतर कळलं की नवीन येणाऱ्या पेशींनाच मी रोज जाळत होते. ओलसर झाकलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते हे जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं 1962 मध्ये डुकरांवर दाखवलं होतं. ते आमच्या वॉर्डापर्यंत पोचायला किती वर्षं लागली याचा हिशोब मी करत नाही.

तर ड्रेसिंग. हळद, कडुनिंबाचा पाला, स्वयंपाकघरातला मध, टूथपेस्ट, स्पिरिट, पेरॉक्साइड, पावडर, यातलं काही नाही. मेडिकलमधून सलाईनची छोटी बाटली आणा, नॉर्मल सलाईन म्हणा. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. ती कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी करा, गार पाणी जखमेला सोसत नाही. हात साबणानं धुवा. जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढायचं नाही. त्यावर सलाईन ओता आणि चहा होईपर्यंत थांबा. मग ते आपोआप सुटतं. ओढून काढलंत तर आठवडाभरात आलेली कातडी गॉजबरोबर निघून येते. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, त्यात "झटकन काढलं की दुखत नाही" म्हणणारे जावई सगळ्यात पुढे. नंतर सुईशिवायच्या वीस मिलीच्या सिरिंजमध्ये सलाईन भरून हलक्या धारेनं धुवा. चोळायचं नाही, कापसाचा बोळा आत घालायचा नाही, तंतू अडकतात. कडेची कातडी टिपून घ्या.

वर पॅराफिन गॉज ठेवा, व्हॅसलिनची जाळी म्हटलं तरी मेडिकलवाल्याला कळतं. त्यावर साधं गॉज. लस जास्त असेल तर फोमचं ड्रेसिंग येतं, महाग आहे पण दोन-तीन दिवस चालतं. किती वेळा बदलायचं ते लसीवर. वरचं गॉज भिजलं तर बदला, नाही भिजलं तर दिवसाआड. दर दोन तासांनी उघडून बघणं बंद. जखमेची कड पांढरी, फुगल्यासारखी दिसत असेल तर लस कातडीवर साचतेय; मग आजूबाजूला, जखमेत नाही, झिंक ऑक्साइडचं मलम अगदी पातळ लावा.

चिकटपट्टी लाईटीच्या कातडीवर कधीही लावू नका. पट्टी काढताना कातडी सोलून येते आणि एकाच्या दोन जखमा होतात. लाईट नक्की कुठून कुठपर्यंत घेतली हे कसं ओळखायचं? नीट शोधलंत तर गोंदल्यासारखे निळे-काळे ठिपके सापडतील, मोहरीएवढे. मशीन रोज त्याच जागी लावता यावं म्हणून काही ठिकाणी तसे करतात. ते नसतील तर लाईटीच्या फाईलमध्ये नकाशा असतो. त्या हद्दीबाहेर पट्टी लावा, नाहीतर मऊ सुती बनियन घालून ड्रेसिंग त्याखाली धरून ठेवा. नेहमीच्या ब्लाउजची गळ्याची शिवण नेमकी तिथेच घासत असेल, तर दोन ब्लाउज मोठ्या गळ्याचे, समोरून हुकांचे शिवून घ्या. ही शिंप्याची गोष्ट वाटते, पण दिवसभराचं घासणं थांबलं नाही तर वरच्या मलमाला काही अर्थ नाही.

दर रविवारी एक काम करा. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जखमेवर न टेकवता वर धरा आणि मार्करनं कड काढून घ्या, खाली तारीख. सोबत रुपयाचं नाणं ठेवून फोटो. चार रविवारांनंतर ती चकती लहान झालेली नसेल तर आहे तेच ड्रेसिंग पुढे रेटत बसू नका, डॉक्टरांना दाखवून काहीतरी बदलायला लावा. डॉक्टरांपुढे "थोडी कमी वाटते" म्हणण्यापेक्षा हे चार कागद ठेवलेत तर बोलणं लवकर संपतं.

मशेरीबद्दल मी गोड बोलणार नाही. जिथे आधीच रक्त पोचत नाही तिथल्या उरल्यासुरल्या वाहिन्या निकोटीन आवळून धरतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, "मी काही खात नाही, दातालाच लावते" याला अर्थ नाही, हिरडीतून ती सरळ रक्तात जाते. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही हे मला माहीत आहे. सकाळची एक वेळ ठेवू द्या, मग तीही काढा. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं, तिथे घेऊन जा. सासूबाईंना सांगा, पुढे ऑपरेशनची वेळ आली तर सर्जन पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

शुगरसाठी गोळी चालू आहे एवढं पुरत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असते, एचबीएवनसी, ती करा, आणि सोबत हिमोग्लोबिन. या दोन्ही खर्चाला कमी आहेत आणि दोन्हीकडे हमखास दुर्लक्ष होतं.

खाणं. जखम भरते ती प्रथिनांवर. पन्नास किलोच्या बाईला अशा वेळी दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात सातेक. हिशोब केलात तर लक्षात येईल की भाकरी-भाजी आणि वर ताक यावर ते भागत नाही. मोड आलेली मटकी रोज चालेल, आपल्या नाशिककरांना ती खायला कुणी सांगावं लागत नाही, फक्त तर्री बाजूला ठेवा. शेंगदाणे, पनीर, खात असतील तर अंडी, मासे. आवळा, पेरू, लिंबू यांनी सी जीवनसत्त्व भागतं. द्राक्षं घरची असली तरी शुगरच्या हिशोबानंच. आणि सोमवार, चतुर्थी, एकादशी, जखम भरेपर्यंत सगळे उपवास बंद. साबुदाण्यात जखमेला उपयोगी पडेल असं काही नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

अँटिबायोटिक तिसऱ्यांदा मागू नका. उघड्या जखमेतून बोळा फिरवून तपासायला पाठवलात तर जंतू निघणारच, माझ्या हातावरही निघतील. आजूबाजूची लाली पसरत असेल, गरम लागत असेल, पू येत असेल, ताप असेल, किंवा डावा हात अचानक सुजून लाल झाला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. तसंच जखमेतून थेंब थेंब नाही तर सरळ रक्त वाहायला लागलं, तळाशी पांढरं कठीण हाड दिसलं, किंवा लाईटीच्या कातडीवर मुका मार लागल्यासारखे निळे-जांभळे डाग आले, तर काढणी, लग्न, काहीही असो, निघायचं. त्या जांभळ्या डागांना "कुठे तरी लागलं असेल" म्हणून सोडू नका. लाईटीनंतर काही वर्षांनी क्वचित होणारा एक वेगळाच कॅन्सर तसाच सुरू होतो.

ऑक्सिजनच्या चेंबरबद्दल. ही थाप नाही, पण जादूही नाही. बंद खोलीत हवेचा दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करतात आणि माणूस शुद्ध ऑक्सिजन घेतो, साधारण नव्वद मिनिटं. रक्तातून जास्त ऑक्सिजन त्या उपाशी कातडीपर्यंत पोचतो आणि नवीन वाहिन्या फुटायला चालना मिळते अशी कल्पना आहे. अशा तीस-चाळीस बैठका लागतात, आठवड्याला पाच, म्हणजे दीड-दोन महिने. लाईटीनंतर गुदाशयातून रक्त जाणाऱ्यांना याचा फायदा झाल्याचे पुरावे बरे आहेत. छातीवरच्या जखमेसाठी ते तेवढे भक्कम नाहीत. फायदा काहींनाच होतो. म्हणून तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधी चेंबरचे पैसे भरू नका. आधी छातीचा एक्स-रे आणि कान तपासले पाहिजेत, मिळालेल्या केमोची नावंही सांगितली पाहिजेत. आणि घरी सिलिंडर लावून नळी नाकाला धरणं म्हणजे चेंबर नव्हे, दाबाशिवाय तो परिणाम येत नाही. रक्तवाहिन्यांसाठी पेंटॉक्सिफायलिन आणि त्यासोबत ई जीवनसत्त्व अशी एक जोडी काही डॉक्टर महिनोन्‌महिने देतात, ती मुख्यतः कडक झालेल्या कातडीसाठी. त्यांनी दिली तर घ्या, मेडिकलवर मागून नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुळीच नको.

मांडीची कातडी लावायची का? माझं मत विचाराल तर सासूबाईंच्या जागेवर बहुतेक नाही. का ते सांगते. मांडीवरून काढलेली पातळ कातडी स्वतःचं रक्त आणत नाही. पहिले दोन दिवस ती खालच्या जागेवरचा ओलावा शोषून जगते, मग खालून रक्तवाहिन्या येऊन तिला धरतात. खालून यायलाच काही नसेल तर पाचव्या दिवशी पट्टी सोडताना ती काळी पडलेली दिसते. मुरमावर नुसती काडी खोचल्यासारखं. अशा जागी प्लास्टिक सर्जन दुसरं करतात: खराब कातडी जखमेपुरती नाही तर आजूबाजूची दुबळीही काढून टाकतात आणि पाठीचा रुंद स्नायू वरच्या कातडीसकट, त्याची रक्तवाहिनी न तोडता, काखेखालून पुढे फिरवून आणतात. त्याला फ्लॅप म्हणतात. मातीच्या गोळ्यासकट आणि ठिबकच्या नळीसकट रोप हलवावं तसं. ही युक्ती नवीन नाही, इटलीच्या तान्सिनी नावाच्या सर्जननं ती 1906 साली स्तनाच्या ऑपरेशनसाठी लिहून ठेवलेली आहे. एक गोष्ट मात्र विचारा: सासूबाईंच्या काखेतल्या गाठी काढल्या तेव्हा त्या स्नायूची रक्तवाहिनी शाबूत ठेवली का? जुनी ऑपरेशनची नोट असेल तर बरोबर न्या, सर्जनला तीच हवी असते. ऑपरेशन मोठं आहे आणि ते पहिल्याच भेटीत ठरत नाही. रिपोर्ट साधा आला, शुगर आटोक्यात आली, मशेरी सुटली आणि कागदावरची चकती लहान व्हायला लागली, तर कदाचित त्याची गरजच पडणार नाही.

पैशाचं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, डॉक्टरांच्या आधी त्यांच्याकडे जा आणि कोणत्या ऑपरेशनला मंजुरी मिळते ते विचारून घ्या. मुंबईला, परळच्या टाटाला, लगेच धावायची गरज नाही. तुकडा नाशिकला निघतो, रिपोर्ट नाशिकला येतो. रिपोर्ट वाईट आला किंवा फ्लॅपवर दुसरं मत हवं असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. लाईटीची मूळ फाईल, किती दिवस, किती डोस हे लिहिलेला कागद, आणि जुन्या तुकड्याच्या काचपट्ट्या सोबत घ्या. झेरॉक्सवर भागत नाही, लोक परत फिरून येतात.

राहिला तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. सासूबाईंना मुलाला ताप द्यायचा नाही, मला पटतं. पण ताई, त्यांनी तुम्हाला गप्प बसवलंय आणि उद्या रिपोर्ट काहीही आला तरी "चार महिने सांगितलं का नाही" हे तुम्हालाच ऐकावं लागेल. त्यांना तसं सरळ सांगा: "आई, मी आज त्यांना सांगणार आहे, तुम्ही सांगणार असाल तर तुम्ही सांगा." काढणीच्या मजुरांचा एक दिवसाचा घोळ निस्तरता येतो. अपॉइंटमेंट सकाळची घ्या आणि आदल्या रात्री ड्रेसिंग थोडं सैल ठेवा, म्हणजे तिथे सोडताना ओढावं लागणार नाही. सलाईनची बाटली पिशवीत असू द्या. ओपीडीत कुणी कोरडं गॉज ओढायला लागलं, तर तुम्ही पुढे होऊन आधी भिजवायला सांगा.